निकाल छापता, तसा डावही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी डिचोलीहून लिहितेय, माहेर चोडणचं. पत्र लांब होणार आहे, कापावं लागलं तर कापा, पण मधला डावाचा भाग तेवढा ठेवा ही विनंती, कारण पत्र त्याच्यासाठीच आहे.

माझी भाची १२ वर्षांची आहे. मध्यंतरी म्हापशाला मुलांची एक रेटिंग स्पर्धा झाली, त्यात पाचव्या राऊंडला तिला जो मुलगा आला तो तिच्यापेक्षा जवळजवळ ३०० रेटिंगने (रेटिंग म्हणजे खेळाडूच्या ताकदीचा आकडा) वर होता. ती जिंकली. दुसऱ्या दिवशी एका पेपरात चार ओळी आल्या, तिचं नाव बरोबर छापलं होतं, घरात सगळ्यांना आनंद झाला, पण पुढचं वाक्य असं होतं की तिने बचावात्मक खेळ केला आणि प्रतिस्पर्ध्याच्या चुकीचा फायदा घेऊन अनपेक्षित विजय मिळवला. हे वाक्य मला अजून टोचतंय. ती पोरगी काही बोलली नाही, फक्त पेपर घडी करून ठेवला आणि मला विचारलं, "आत्या, ह्यांनी डाव बघितला होता का?"

नव्हता बघितला. बघणार कसा, डाव कुठे छापलाच जात नाही. आपल्याकडे बुद्धिबळाची बातमी म्हणजे कोण जिंकलं, किती गुण, बक्षीस देताना पाहुणे कोण होते आणि एक ग्रुप फोटो. चाल एकसुद्धा नाही. क्रिकेटच्या बातमीत नुसतं गोवा जिंकला असं लिहून कोणी थांबत नाही, कोणी किती धावा काढल्या, कुणाच्या बोलिंगवर कोण आउट झाला, सगळं स्कोअरकार्ड येतं आणि लोक ते चवीने वाचतात. मग आमच्या पोरांनी चार-चार तास बसून जे केलं ते का येऊ नये?

आता डाव सांगते. पटाच्या उभ्या पट्ट्यांना ए ते एच आणि आडव्या ओळींना १ ते ८ म्हणतात, त्यावरून प्रत्येक घराचं नाव. तिने पहिली चाल केली सी४, म्हणजे वजिराच्या बाजूच्या उंटापुढचं प्यादं दोन घरं. हिला इंग्लिश ओपनिंग म्हणतात. हॉलमध्ये पालकांना पहिली काही मिनिटं फोटोसाठी सोडतात, मग बाहेर काढतात, त्या वेळात दारातून मला तेवढी चाल दिसली आणि माझ्या बाजूला उभे असलेले एक वडील म्हणाले, हे काय, मधलं सोडून बाजूचं प्यादं, भिणारी मुलं अशी खेळतात. त्यांचा काही वाईट हेतू नव्हता, पुष्कळांना असंच वाटतं. भाची आधी ज्या क्लासला जायची तिथले सरसुद्धा सांगायचे की पोरांनी ई४ च खेळायचं, बाकी सगळं मोठं झाल्यावर. त्यात थोडं तथ्य आहे हे मी मान्य करते, अगदी नवीन मुलाने राजापुढचं प्यादं दोन घरं टाकून मोकळे डाव खेळले की त्याला मारामारी कळते, शह कसा बसतो ते कळतं. पण चार वर्षं खेळलेल्या मुलीला बाजूने सुरुवात केली म्हणून भित्री म्हणायचं हे मला पटत नाही.

तर सी४ ला त्याने ई५ केलं. मग हिचा घोडा सी३, त्याचा एफ६, हिचं जी३, आणि त्याने लगेच डी५ करून मध्य उघडला. प्याद्यांची अदलाबदल झाली, त्याचा घोडा डी५ वर आला, हिचा उंट जी२ वर बसला, त्याचा घोडा बी६ वर मागे गेला. पुढे घोडा एफ३, त्याचा सी६, हिने कॅसल केलं, म्हणजे राजा बाजूला नेऊन हत्ती त्याच्या शेजारी आणला, त्याचा उंट ई७, हिचं ए३, त्याचंही कॅसलिंग, हिचं बी४. ह्या वेळी पट बघितला तर मधल्या चार घरांत हिचं एकही प्यादं नव्हतं आणि त्याचं ई५ वर ऐटीत उभं होतं. बाहेरून बघणारा म्हणेल ह्याचं छान चाललंय. मग त्याचा उंट ई६, हिचा हत्ती बी१, त्याचं एफ६, हिचं डी३, त्याचं ए५, आणि १२ व्या चालीला हिने बी५ केलं, सी६ च्या घोड्याला हाकललं. घोडा डी४ वर आला, पटाच्या अगदी मधोमध, दिसायला राजासारखा.

आणि १३ व्या चालीला भाचीने एफ३ चा घोडा मागे घेतला, डी२ वर.

ती बचावात्मक चाल असेल तर हीच. बातमी देणाऱ्याला कोणीतरी एवढंच सांगितलं असेल की तिने घोडे मागे घेतले. पण घोडा मागे गेला आणि जी२ वरच्या उंटापुढचा अख्खा कर्ण मोकळा झाला, एफ३, ई४, डी५, सी६, सगळी घरं रिकामी आणि शेवटी बी७ चं प्यादं आणि त्याच्या मागे कोपऱ्यात हत्ती. उंट पाचव्या चालीपासून तिथे बसला होता, आठ चाली हलला नाही, त्याने एक घरही सोडलं नाही आणि तेराव्या चालीला त्याची नजर पटाच्या दुसऱ्या टोकाला पोचली. त्या मुलाने वजीर डी७ वर आणला, बहुतेक उंट एच३ वर नेऊन जी२ चा उंट बदलून टाकायचा विचार होता, विचार चांगला होता पण एक चाल उशीर झाला. वजीर सी८ वर ठेवून प्यादं राखायला हवं होतं, नाहीतर उंट डी५ वर आणून कर्ण अडवायला हवा होता. हिने उंटाने बी७ खाल्लं, हत्तीला पळावं लागलं, उंट परत जी२ वर घरी आला.

चूक झाली त्याच्याकडून हे खरंच. पण ती चूक व्हावी अशी जागा तिने तेरा चाली खपून तयार केली होती, ती आकाशातून पडली नाही. आणि त्या मुलाबद्दलही मला बोलायचंय, त्याच्यावर पण त्या बातमीने अन्याय केला. एक प्यादं कमी असताना तो पोरगा अजून ४० पेक्षा जास्त चाली लढला, दोनदा असं वाटलं की बरोबरी होतेय, शेवटी ५८ व्या चालीला त्याने डाव सोडला, हात मिळवला, आणि मग दोघं बाहेर पायरीवर छोटा पट मांडून पाऊण तास डोकं लावत बसली, जेवायलासुद्धा उठेनात. तो स्वतःच तिला सांगत होता की माझा वजीर सी८ ला हवा होता. पेपरात मात्र त्याच्या वाट्याला काय आलं तर एक शब्द, चूक.

आता बाजूने सुरुवात करणं म्हणजे काय ते मी माझ्या समजुतीने सांगते, जाणकारांनी सांभाळून घ्यावं. चोडणला आमची खाजन शेतं होती, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या काठची, बांध घातलेली. ज्याने खाजन बघितलंय त्याला माहीत आहे की खाऱ्या पाण्याशी शेताच्या मध्ये उभं राहून कोणी भांडत नाही, बांधावर टोकाला मानस, म्हणजे पाण्याची दारं, असते, भरती आली की तिची दारं पाण्याच्या जोराने मिटतात आणि ओहोटीला उघडतात, आणि तेवढ्या एका जागेवरून सगळ्या शेताचं पाणी ताब्यात राहतं. जी२ वरचा उंट ही ती मानस आहे. मध्य सोडून दिलेला नसतो, मध्यावर लांबून नजर असते, समोरच्याला तिथे प्यादी आणू द्यायची आणि मग त्याच प्याद्यांवर दोन्ही बाजूंनी मारा करायचा. भाचीला हे मी असंच समजावलं होतं, तेव्हा ती नऊ वर्षांची होती, आणि दुसऱ्या दिवशी तिने वहीत उंटाच्या जागी मानशीचं चित्र काढलं होतं.

हे काही आम्ही चोडणला शोधून काढलेलं नाही. शंभर वर्षांपूर्वी, १९२४ च्या मार्चमध्ये, न्यूयॉर्कला मोठी स्पर्धा झाली, ११ जण, प्रत्येकाशी दोन-दोन डाव. कापाब्लांका तेव्हा जगज्जेता, आणि १९१६ पासून, म्हणजे आठ वर्षं, एकही डाव हरला नव्हता, लोक त्याला मशीनच म्हणायचे. त्याच्यासमोर पाचव्या राऊंडला रिचर्ड रेटी बसला आणि त्याने पहिली चाल केली घोडा एफ३, मग सी४, आणि तिसऱ्या चालीला बी४. दोन्ही उंट बाजूला, एक बी२ वर, एक जी२ वर, राजा कॅसल करून आत. मधलं डी प्यादं दोन घरं पुढे आलं ते थेट १६ व्या चालीला, सगळी तयारी झाल्यावर. मग मध्य उघडला, कापाब्लांकाच्या वजिराने सी४ चं प्यादं खाल्लं, आणि तिथेच तो फसला, रेटीने उंटांची अदलाबदल केली, वजिराने बी२ वरून शह दिला आणि हत्तीने डी६ चं प्यादं उचललं. ३१ व्या चालीला जगज्जेत्याने डाव सोडला. त्या स्पर्धेत कापाब्लांका हरलेला हा एकच डाव. त्याच स्पर्धेत त्याच पद्धतीने रेटीने बोगोल्युबॉव्हला २५ चालींत हरवलं आणि सर्वात सुंदर डावाचं पहिलं बक्षीस मिळवलं. मला विचाराल तर तो डाव जास्त देखणा आहे, शेवटची चाल उंट ई८, तिच्यावर मी आणि भाची एक संध्याकाळ नुसतं बघत बसलो होतो.

हाच रेटी, ज्याने १९२१ मध्ये ते छोटं कोडं रचलं, दोन राजे आणि दोन प्यादी, पांढरा राजा कोपऱ्यात एच८ वर आणि त्याला काळ्याचं प्यादं पकडायचंय जे खूप पुढे निघून गेलंय. सरळ धावला तर पोचत नाही. पण तो कर्णाने तिरका निघतो, एकाच वेळी प्याद्याच्या मागे आणि आपल्या प्याद्याच्या मदतीला, आणि बरोबरी करतो. मोजून बघितलं तर तिरकी वाट सरळ वाटेएवढ्याच चालींची आहे. भाचीला हे पटायला दोन दिवस लागले, तिने फरशीवर खडूने घरं आखून स्वतः चालून बघितलं.

आणि भित्रेपणाचं म्हणाल तर १९८७ साल, सेव्हिल, कास्पारोव आणि कार्पोव. शेवटचा २४ वा डाव, कास्पारोव एक गुणाने मागे, तो डाव जिंकला नाही तर जगज्जेतेपद गेलं, बरोबरीसुद्धा चालणार नाही. अशा वेळी माणूस सगळ्यात धाडसी सुरुवात करेल ना? त्याने सी४ खेळलं. सावकाश, बाजूने, दोन्ही उंट बी२ आणि जी२ वर ठेवून, डाव रात्रभर तहकूब राहिला, दुसऱ्या दिवशी जिंकला आणि १२-१२ करून पद राखलं. १९७२ मध्ये फिशर, जो जन्मभर ई४ वाला, त्याने स्पास्कीविरुद्ध सहाव्या डावात सी४ टाकलं आणि इतका सुंदर जिंकला की स्पास्कीने स्वतः टाळ्या वाजवल्या. २०१३ ला चेन्नईत आनंदसमोर कार्लसनने पहिल्याच डावात घोडा एफ३ केलं, तो डाव १६ चालींत बरोबरीत सुटला हे वेगळं.

सगळीकडे चालतंच असंही नाही, ते मी भाचीला मुद्दाम दाखवलंय. १९७० मध्ये बेलग्रेडला सोव्हिएत संघ विरुद्ध बाकीचं जग असा सामना झाला, पहिल्या बोर्डावर लार्सनने स्पास्कीविरुद्ध बी३ ने सुरुवात केली आणि १७ चालींत हरला, स्पास्कीचं प्यादं एच पट्टीवरून धावत आलं आणि सगळं उद्ध्वस्त करून गेलं. राजाला मध्येच ठेवून बाजूने खेळलं की असं होतं. म्हणूनच ती आता लवकर कॅसल करते, म्हापशाच्या डावात सातव्या चालीलाच केलं.

आता माझ्या मुद्द्यावर येते. इंग्लिश ओपनिंग हे नाव पडलं हॉवर्ड स्टाँटनमुळे, त्याने १८४३ मध्ये पॅरिसला सेंट आमांविरुद्ध सी४ खेळून सामना जिंकला. आज स्पर्धेत आपण जी सोंगटी वापरतो, तो घोडा, तो हत्ती, त्यालाही स्टाँटनचंच नाव आहे. पण हा माणूस पेपरात लिहायचा. १८४५ पासून १८७४ ला मरेपर्यंत लंडनच्या एका साप्ताहिकात त्याचं बुद्धिबळाचं सदर होतं, जवळजवळ तीस वर्षं, त्यात डाव छापून यायचे, चालींसकट, आणि लोक घरी पट मांडून ते खेळून बघायचे. कम्प्युटर नव्हता, मोबाईल नव्हता, पेपर होता.

त्याच काळात आपल्याकडे कलकत्त्याला जॉन कॉक्रेन नावाचा स्कॉटिश बॅरिस्टर होता, त्याला महेशचंद्र बॅनर्जी नावाचे एक खेळाडू भेटले आणि दोघं शेकड्यांनी डाव खेळले. महेशचंद्र देशी नियमांवर वाढलेले, आपल्या जुन्या खेळात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जायचं, त्यामुळे उंट बाजूला बसवून सावकाश पुढे यायची त्यांना सवय. १८५५ च्या एका डावात त्यांनी काळ्याकडून जी मांडणी केली तिला पुढे ग्रुनफेल्ड डिफेन्स म्हणायला लागले, ग्रुनफेल्डने ती खेळली १९२२ मध्ये! किंग्ज इंडियन, निम्झो इंडियन, ह्या सगळ्या नावांतलं इंडियन ते ह्या महेशचंद्रांच्या पद्धतीचं. आणि हे आज आपल्याला माहीत का आहे, कारण कॉक्रेनने चाली लिहून ठेवल्या आणि त्या छापल्या गेल्या. नाहीतर कलकत्त्यात एक माणूस चांगलं बुद्धिबळ खेळायचा एवढंसुद्धा उरलं नसतं.

हे वाचलं तेव्हा मला माझे बाबा आठवले. आमच्या घराच्या सोप्यावर रोज संध्याकाळी पट मांडायचे, फेरीबोटीवरून उतरून येणारा कोणीही बसायचा, शाळेचे मास्तर, पोदेर म्हणजे पाववाला, कधी एखादा पाहुणा. तेही जुन्या नियमांनीच खेळायचे, प्यादं एक घर, आणि राजा डावात एकदा घोड्यासारखी उडी मारू शकायचा, त्याला आधी शह बसलेला नसला तर. मी त्यांच्या मांडीवर बसून शिकले. बाबा नेहमी उंट बाजूला ठेवायचे, घोड्यांच्या मागे, आणि म्हणायचे, थांब, त्याला येऊ दे. त्यांनी ना रेटीचं नाव ऐकलं होतं ना महेशचंद्रांचं. पंचवीस-तीस वर्षं त्यांनी डाव खेळले आणि त्यातला एकही कुठे लिहिलेला नाही. मला त्यांच्या एकाही डावाच्या पहिल्या पाच चालीसुद्धा सांगता येत नाहीत. त्यांचा पट आहे माझ्याकडे, एक हत्ती हरवलाय, त्या जागी बाटलीचं बूच आहे, पण डाव नाहीत.

आताच्या पोरांचे तसे व्हायचं काही कारण नाही. स्पर्धेत प्रत्येक मुलाला आपली आणि समोरच्याची चाल स्कोअरशीटवर लिहावीच लागते, तो नियम आहे, डाव संपला की दोघं सही करतात, मूळ प्रत आर्बिटरकडे, म्हणजे पंचांकडे, जाते आणि कार्बन मुलाकडे राहते. म्हणजे चाली लिहिलेल्या तयार आहेत, कोणी मागत नाही एवढंच. घरी येऊन ती कार्बन प्रत दप्तरात चुरगळते आणि पावसाळ्यात तिचं जे व्हायचं ते होतं.

कोणी म्हणेल ऑनलाइन सगळं मिळतं. मोठ्यांचं मिळतं. २०२५ च्या नोव्हेंबरात आपल्या हडफड्याला वर्ल्ड कप झाला, २०६ खेळाडू, आनंदच्या नावाचा चषक, उझबेकिस्तानचा सिंदारोव १९ व्या वर्षी जिंकला, त्यातली प्रत्येक चाल त्याच क्षणी जगभर दिसत होती. आपला अर्जुन एरिगैसी आरोनियनला हरवून क्वार्टर फायनलपर्यंत गेला, आणि हा तोच आरोनियन जो २००२ ला गोव्यातच ज्युनिअर जगज्जेता झाला होता. त्या महिन्यात आम्ही घरात दुसरं काही बघितलंच नाही. पण स्थानिक स्पर्धेत बोर्ड नंबर १७ वर काय झालं ते कुठे दिसणार? तिथे कॅमेरा नाही, इलेक्ट्रॉनिक बोर्ड नाही. आणि जे ऑनलाइन आहे ते सगळं इंग्रजीत, आमच्या शेजारच्या आजींना बुद्धिबळ येतं, इंग्रजी येत नाही, त्यांनी कुठे बघायचं? त्या पेपर मात्र पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात, चष्मा लावून, श्रद्धांजलीसकट.

गोव्यात खेळाडू कमी नाहीत. अनुराग म्हामल आपला पहिला ग्रँडमास्टर, मग लिऑन मेंडोन्सा, जो लॉकडाऊनमध्ये वडिलांबरोबर युरोपात अडकला आणि तिथेच राहून स्पर्धा खेळत खेळत १४ व्या वर्षी ग्रँडमास्टर झाला. भक्ती कुलकर्णी २०२२ च्या चेन्नई ऑलिंपियाडमध्ये ब्राँझ मिळवणाऱ्या टीममध्ये होती, अर्जुन पुरस्कार मिळाला. एवढ्याशा राज्यातनं एवढी नावं. ह्या तिघांचे फोटो आमच्या भाचीने कापून वहीत चिकटवलेत, पण त्यांनी गोव्यात लहानपणी खेळलेला एखादा डाव दाखव म्हटलं तर तिच्या वहीत नाही, कारण तो कुठे छापलेला तिला सापडला नाही.

म्हणून मागणं एवढंच आहे की आठवड्यातून एकदा, रविवारी म्हणा, एक डाव छापा. गोव्यात खेळलेला, गोव्यातल्या मुलांचा, जिंकणाऱ्याचं आणि हरणाऱ्याचं दोघांचंही नाव घालून, आणि त्यांच्या घरच्यांना विचारून. सगळ्या चाली मराठीत, घो, उं, ह, व, रा अशी अक्षरं घेऊन, बरोबर एका चालीपाशी पटाचं चित्र, आणि खाली तीन ओळी की इथे काय घडलं. कापाब्लांकाचा ३१ चालींचा तो डाव दहा-बारा ओळींत बसतो, एका छोट्या जाहिरातीएवढी जागा. राशिभविष्याच्या शेजारी दिलीत तरी चालेल, शोधून वाचू. आणि कृपा करून ओपनिंगचं नाव घाला, इंग्लिश असेल तर इंग्लिश, रेटी असेल तर रेटी, सिसिलियन असेल तर सिसिलियन. मुलांना नाव कळलं की ती शोधतात, नुसतं बचावात्मक लिहिलं तर त्यांना कळतं की आपण काहीतरी कमी केलं. भाचीने त्या बातमीनंतरच्या दोन स्पर्धांत सी४ खेळलंच नाही. ई४ खेळत होती, मी विचारलं का, तर म्हणाली असंच. गेल्या आठवड्यात पहिल्यांदा पुन्हा सी४ टाकलं, डाव हरली, पण घरी आल्यावर चेहरा बरा होता.

चाली तपासून द्यायला माणूस नाही अशी अडचण असेल तर मी करते, पैसे नकोत. मी दुकान आठ वाजता बंद करते, त्यानंतर वेळ असतो. आमच्या ओळखीत दोन आर्बिटर आहेत, तेही बघून देतो म्हणालेत. टाइप करून मेलवर पाठवीन, शनिवारच्या आत.

सुरुवात म्हणून म्हापशाच्या डावाच्या स्कोअरशीटची झेरॉक्स सोबत जोडतेय, दोन्ही मुलांच्या घरी विचारून, त्या मुलाच्या आईने लगेच हो म्हटलं. कार्बन फिकट आहे त्यामुळे वाचताना सांभाळा, भाचीचा ७ आणि १ सारखाच दिसतो, १४ व्या चालीला उंट बी१ वाटेल, ते बी७ आहे. ३६ व्या चालीपाशी जो डाग आहे तो चहाचा, तिथे हत्ती सी६ वाचावं.

आपली नेहमीची वाचक,
डिचोली
(नाव, पत्ता आणि फोन पाकिटात वेगळ्या कागदावर आहे, छापू नये. भाचीचंही नाव आत्ता छापू नका, डाव छापाल तेव्हा दोघांचं एकत्र छापा.)